यासुमी मात्सुनो हल्ली दिसत का नाही? आणि त्याचं काम आज नेमकं कुठे सापडतं?

सावकाश

३० सप्टेंबर २०२५ ला आलेल्या 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स: द इव्हालिस क्रॉनिकल्स'चा दिग्दर्शक काझुतोयो माएहिरो आहे. १९९७ च्या मूळ खेळाचा दिग्दर्शक आणि लेखक होता यासुमी मात्सुनो. या वेळी त्याच्याकडे फक्त संहितेच्या फेरलेखनाचं काम होतं. २००० सालच्या 'व्हेग्रंट स्टोरी'नंतर पूर्णपणे त्याचा म्हणावा असा एकही मोठा खेळ दिसत नाही. 'फायनल फॅन्टसी १२' त्याने अर्ध्यावर सोडला, एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं.

तर विचारायचं होतं:

१. २००५ नंतर त्याने नक्की काय काय केलं? 'यात त्याचा हात होता' अशी मोघम यादी नको. कुठल्या खेळात कुठलं काम, ते हवंय.

२. एवढ्या ताकदीचा माणूस मागे का पडला? आजारपण, कंपनी, की काळच बदलला?

३. त्याचं काम आज पीसीवर किंवा चालू कन्सोलवर सरळ मार्गाने कोणत्या क्रमाने खेळावं? कुठे अडकायला होतं तेही सांगा. पायरेटेड लिंका नकोत.

कथानक फोडू नका. फोडावंच लागलं तर आधी इशारा द्या.

---

रात्रपाळी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर श्रेयनामावलीच्या भाषेत दडलंय, म्हणून आधी ती भाषा.

जपानी खेळांत एका लेखक-दिग्दर्शकाच्या नावापुढे चार वेगवेगळे शब्द येऊ शकतात. 'दिरेकुता' म्हणजे रोजचा निर्णय घेणारा. 'शिनारिओ' म्हणजे प्रसंग आणि संवाद लिहिणारा. 'गेन-आन' म्हणजे मूळ कल्पना ज्याची तो. आणि 'कान्शू' म्हणजे देखरेख. यातला 'कान्शू' फार फसवा आहे. त्याखाली रोज आठ तास बसणारा माणूसही मावतो आणि महिन्यातून एकदा मसुदा वाचून देणाराही. मात्सुनोची २००५ पर्यंतची बहुतेक कामं पहिल्या शब्दाखाली आहेत, नंतरची बहुतेक उरलेल्या तीन शब्दांखाली. खेळाच्या बातमीत छापतात दिग्दर्शक आणि निर्माता. म्हणजे माणूस काम करत असूनही बातमीतून गेला.

आता कामं.

१९८९ मध्ये 'क्वेस्ट' या कंपनीत. १९९३ 'ओगर बॅटल', १९९५ 'टॅक्टिक्स ओगर', दोन्ही सुपर फॅमिकॉमवर, दोन्हींचा दिग्दर्शक तोच. (खेळांची नावं क्वीन या ब्रिटिश बँडच्या गाण्यांवरून उचलली आहेत. ही त्याची जुनी खोड.) १९९५ मध्येच क्वेस्ट सोडून 'स्क्वेअर'मध्ये. सोबत चित्रकार आकिहिको योशिदा आणि कलादिग्दर्शक हिरोशी मिनागावा. संगीतकार हितोशी साकिमोतो आणि मासाहारू इवाता ही जोडीही पुढे त्याच्या खेळांशी जोडलेली राहिली. १९९७ 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स', २००० 'व्हेग्रंट स्टोरी'. या दुसऱ्याला 'फामित्सू' या जपानी साप्ताहिकाने ४० पैकी ४० गुण दिले. तोवर असे पूर्ण गुण फक्त दोन खेळांना मिळाले होते. २००३ च्या 'टॅक्टिक्स अॅडव्हान्स'चा तो निर्माता होता, दिग्दर्शक नव्हे. इथे पुष्कळ लोक चुकतात.

'फायनल फॅन्टसी १२'वर २००१ पासून काम चालू. ऑगस्ट २००५ मध्ये प्रकृतीच्या कारणाने तो बाजूला झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. पुढे हिरोयुकी इतो आणि मिनागावा यांनी मिळून दिग्दर्शन केलं, अकितोशी कावाझू कार्यकारी निर्माता झाला, आणि खेळ १६ मार्च २००६ ला जपानात आला. मात्सुनोचं नाव राहिलं ते मूळ कथा आणि देखरेख यांपुरतं. पटकथेवर दाइसुके वातानाबे आणि मिवा शोदा.

त्यानंतर:

२००९, 'मॅडवर्ल्ड', वी कन्सोल. प्लॅटिनम गेम्सने बनवला, सेगाने काढला. मात्सुनोने कथा लिहिली. काळ्या-पांढऱ्या रंगातली रक्ताळ मारामारी आहे, इव्हालिसची (म्हणजे 'टॅक्टिक्स' आणि '१२' ज्या काल्पनिक जगात घडतात त्याची) अपेक्षा धरून जाऊ नका.

२०१०, 'टॅक्टिक्स ओगर'ची पीएसपी (सोनीचा हातात धरायचा कन्सोल) आवृत्ती. जुनी मंडळी परत एकत्र, मात्सुनोने संहिता आणि रचना दोन्हींवर हात फिरवला.

२०१२, 'क्रिमझन श्राउड', ३डीएस (निन्टेंडोचा हातातला कन्सोल). लेव्हल-५ ने चार निर्मात्यांचे चार छोटे खेळ एकत्र काढले होते, त्यातला एक. २००५ नंतर 'दिग्दर्शक मात्सुनो' असा पूर्ण झालेला खेळ शोधायचा तर हाच. त्याच वर्षी तो लेव्हल-५ मधूनही बाहेर पडला.

२०१४, 'अनसंग स्टोरी', किकस्टार्टर (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायची वेबसाइट). याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच.

२०१६ मध्ये 'लॉस्ट ऑर्डर' जाहीर झाला. सायगेम्स आणि प्लॅटिनम, मोबाइलसाठी, दिग्दर्शक मात्सुनो, चित्रं योशिदाची. बाजारात आलाच नाही.

२०१७ ते २०१९, 'फायनल फॅन्टसी १४' मधली 'रिटर्न टू इव्हालिस' ही तीन भागांची रेड (अनेक खेळाडूंनी मिळून लढायच्या मोठ्या लढाया) मालिका: ऑक्टोबर २०१७, मे २०१८, जानेवारी २०१९. लेखन त्याचं. २०२० पासून त्याच खेळात 'सेव्ह द क्वीन', म्हणजे बोझ्या या त्यातल्या काल्पनिक देशाची कथा. तीही त्याचीच.

नोव्हेंबर २०२२, 'टॅक्टिक्स ओगर: रीबॉर्न'. सप्टेंबर २०२५, 'इव्हालिस क्रॉनिकल्स'.

वीस वर्षांत हातात काम नाही असा मोठा काळ नाही. स्वतःचं नाव वर असलेलं, नवं आणि पूर्ण झालेलं काम मात्र एकच, तेही सात-आठ तासांचं.

---

तिरकस_नजर

यादी चोख आहे. पण 'शब्दांच्या मागे लपला' हे अर्धंच उत्तर झालं. त्या जागेवर तो का जाऊन बसला, हा खरा प्रश्न.

त्याच्या खेळांची पद्धत बघा. कथा, नकाशे, आकडे आणि कॅमेरा एकाच डोक्यातून निघतात. 'टॅक्टिक्स ओगर'मध्ये पहिल्या प्रकरणाच्या शेवटी एक निर्णय घ्यावा लागतो आणि तिथून कथेच्या वाटा फुटतात. वाट बदलली की सोबती, शत्रू, लढायांची ठिकाणं, सगळं बदलतं. हे लिहिणारा आणि लढाई मांडणारा वेगळा असता तर जमलं नसतं. 'व्हेग्रंट स्टोरी'त संवादाचे प्रसंग प्लेस्टेशन १ वर जागच्या जागी काढलेत, आधी बनवलेली चित्रफीत चिकटवून नाही. कॅमेरा कुठे थांबेल, पात्राच्या डोक्यावर संवादाचा फुगा कधी येईल, इतकं बारीक. छोट्या चमूत हे परवडतं.

'फायनल फॅन्टसी १२' म्हणजे पाच वर्षं, मोठा चमू, आणि वर मुख्य मालिकेचं नाव. तिथे एका माणसाच्या होकारासाठी काम थांबलं की पूर्ण साखळी थांबते. शिवाय व्यापाराचा दाब: सुरुवातीच्या आराखड्यात नायक बाश होता, मधल्या वयाचा सैनिक. नंतर तरुण वान आणि पेनेलो आले आणि वान पुढे झाला. खेळ नीट बघितला तर हा सांधा आजही दिसतो. कथा बाश, अॅश आणि बाल्थियरची आहे, आणि वान खिडकीतून बघणाऱ्या शेजाऱ्यासारखा. आजारपण खरं होतं की निमित्त, यावर वीस वर्षं गप्पा चालू आहेत. कंपनीने आजारपण सांगितलं, तेवढं धरावं. बाकी सगळा अंदाजपंचे कारभार.

दुसरं कारण बाजाराचं. २००६ ते २०१२ या काळात मधल्या आकाराचा खेळ जवळपास संपला. एका बाजूला एचडी कन्सोलचे अवाढव्य खर्च, दुसऱ्या बाजूला जपानात मोबाइल. मात्सुनोची ताकद नेमकी मधल्या आकारात होती. त्याला मिळाला हातात मावणारा 'क्रिमझन श्राउड', नाहीतर मोबाइलवरचा 'लॉस्ट ऑर्डर'. मधलं काही नाही.

तुलनेसाठी फुमितो उएदा घ्या. २००१, २००५ आणि २०१६, पंधरा वर्षांत तीनच खेळ. शेवटच्याला तर जन्माचा उशीर. तरी तो 'गायब झाला' असं कुणी म्हणत नाही, कारण तिन्हींवर दिग्दर्शक म्हणून त्याचंच नाव. लोकांच्या लक्षात राहायला कामाचं प्रमाण लागत नाही, ठसा लागतो.

आणि हो, 'इतिहासाने पुसलेला रामझा (म्हणजे 'टॅक्टिक्स'चा नायक) म्हणजेच मात्सुनो' ही तुलना इथे कुणी करू नये. गेल्या दहा वर्षांत ती झिजून गुळगुळीत झाली आहे.

---

हिशेबनीस

तिसऱ्या प्रश्नावर येतो. क्रम आणि खाचखळगे.

पहिला: 'इव्हालिस क्रॉनिकल्स'. पीएस४, पीएस५, दोन्ही स्विच, एक्सबॉक्स सिरीज आणि स्टीम. आत दोन आवृत्त्या आहेत. 'क्लासिक'मध्ये १९९७ चं रूप आणि पीएसपीवरचं इंग्रजी भाषांतर. 'एन्हान्स्ड'मध्ये सगळे संवाद आवाजासह, मात्सुनोने हात फिरवलेली संहिता, ऑटोसेव्ह आणि काठिण्याच्या तीन पातळ्या: स्क्वायर, नाइट, टॅक्टिशियन. मात्सुनोसाठी खेळताय तर एन्हान्स्डच घ्या, नवे शब्द त्यातच आहेत. एक गैरसमज आधीच दूर करतो. २००७ च्या पीएसपी आवृत्तीत वाढवलेल्या गोष्टी, म्हणजे बाल्थियर, लुसो, डार्क नाइट आणि ओनियन नाइट, यात दोन्हीकडे नाहीत. पैसे भरल्यावर हे कळलं की लोक स्टोअरवर शिव्या घालतात. मूळ सोर्स कोड कंपनीकडे उरला नव्हता, त्यामुळे जुने खेळ चालवून, तपासून नव्याने बांधणी करावी लागली, हे माएहिरोने स्वतः सांगितलंय.

गोष्ट उमगायला आपल्याकडच्या वाचकाला फार वेळ लागू नये. पन्नास वर्षांची लढाई हरलेलं राज्य, पगार थकलेले सैनिक लुटारू झालेले, आणि पाळण्यातल्या राजाच्या नावाने कारभार कुणी करायचा यावरून दोन सरदारांत जुंपलेली. बारभाईंचं कारस्थान शाळेत वाचलेल्याला ही भाऊबंदकी ओळखीची वाटेल.

सुरुवातीला काय करायचं: प्रत्येकाला स्क्वायर हाच पेशा देऊन 'जेपी बूस्ट' आधी शिकवा. पेशाचे गुण (जेपी) त्यामुळे जास्त जमतात, जितक्या लवकर तितका फायदा. मग एकाला केमिस्ट ठेवा, कारण त्याची 'ऑटो-पोशन' ही प्रतिक्रिया ४०० जेपीत मिळते आणि ती पुढे कुठल्याही पेशावर लावता येते. मार बसला की पात्र आपणहून औषध पितं. फक्त ते सगळ्यात हलकं औषध आधी पितं. म्हणून दुकानात एक्स-पोशन मिळायला लागली की साधी आणि हाय-पोशन विकून टाका. तसं केलं नाही तर ३० ची मलमपट्टी होत राहील आणि तुम्हाला वाटेल ही प्रतिक्रिया कुचकामी आहे.

पडलेल्या साथीदाराच्या डोक्यावर ३ चा आकडा येतो. त्याच्या पाळ्या मोजून तो शून्यावर गेला की माणूस कायमचा गेला. तेवढ्यात फिनिक्स डाउन (पडलेल्याला उठवणारी वस्तू) टाका किंवा लढाई संपवा.

इशारा: पुढच्या परिच्छेदात तिसऱ्या प्रकरणातल्या लढाईचा उल्लेख आहे, कथा नाही.

रायोव्हानेस किल्ला. सलग तीन लढाया. जुन्या आवृत्त्यांत पहिली संपल्यावर खेळ सेव्ह करायला विचारतो. एकाच स्लॉटवर सेव्ह केलं की दुकान, सराव, सगळं बंद, आणि दुसऱ्या लढाईत रामझाला एकट्याने विग्राफ या शत्रूशी भिडायचं असतं. तयारी नसेल तर चाळीस तासांचा खेळ तिथे मरतो. १९९७ पासून लोक इथे बुडाले आहेत. उपाय: किल्ल्यात शिरण्यापूर्वी वेगळ्या स्लॉटवर सेव्ह. रामझाचा दुसरा कौशल्यगट म्हणून त्याचाच स्क्वायरचा संच ठेवा, त्यात 'टेलविंड' आहे, प्रत्येक वेळी वेग १ ने वाढतो. पळत पळत चार-पाचदा केलंत की विग्राफच्या एका पाळीत तुमच्या दोन होतात. जोडीला ऑटो-पोशन. तिसरी लढाई छपरावर, तिथे तुमची पाळी येण्याआधीच राफा, जिला वाचवायचं असतं ती, मरू शकते आणि हार होते. ती नशिबाची नाही, वेगाची लढाई आहे. किमान दोघे वेगवान (निंजा किंवा चोर) असू द्या, आणि सगळ्यांना मारत बसू नका. समोरच्या तिघांपैकी एकाला मरणाच्या टेकीला आणलं की लढाई संपते.

चौथ्या प्रकरणात सिड ऑर्लांडो संघात येतो. त्यानंतर डावपेच वगैरे काही उरत नाही. आव्हान हवं असेल तर त्याला घरी बसवा.

दुसरा: 'टॅक्टिक्स ओगर: रीबॉर्न'. पीसी, पीएस४, पीएस५, स्विच. कथेच्या दृष्टीने त्याचं सर्वांत धारदार काम, युगोस्लाव्हियाच्या फाटाफुटीच्या काळात लिहिलेलं, आणि ते जाणवतं. पीएसपी आवृत्तीत लेव्हल माणसाची नव्हती, पेशाची होती. नवा पेशा म्हटला की सगळं पहिल्यापासून, त्यामुळे नवे पेशे कुणी वापरतच नसे. रीबॉर्नमध्ये लेव्हल परत माणसाकडे आली. पण 'युनियन लेव्हल' नावाची मर्यादा बसली, जी कथेबरोबर वर सरकते. मर्यादेला टेकल्यावर सराव करत बसणं फुकट. तिथे अडलात तर लेव्हल नाही, सामान आणि जागा बदला. प्रत्येकाला कौशल्य, वस्तू, मंत्र यांच्या चारच जागा आहेत. लढाईपूर्वी शत्रू बघून त्या भरायच्या. हे न करणाऱ्याला खेळ अन्यायकारक वाटतो.

मैदानावर पडणारी शक्तीची कार्डं बॉसही उचलतात, हे विसरू नका. कार्ड दोन घरं पुढे असेल तर मारण्याऐवजी जाऊन त्यावर उभं राहणं बऱ्याचदा शहाणपणाचं. (ही कार्डं मला रीबॉर्नमधली सर्वांत वाईट भर वाटते. उंचीचा आणि तिरंदाजांचा इतका छान हिशेब, आणि वर ही सोंगटी.) चूक झाली तर 'चॅरियट टॅरो'ने ५० चालींपर्यंत मागे जाता येतं. दुसऱ्या वाटा बघायला नव्याने सुरू करू नका. एकदा खेळ संपला की 'वर्ल्ड टॅरो' मिळतं आणि कथेच्या फाट्यांवर उडी मारता येते, संघासकट.

तिसरा: 'फायनल फॅन्टसी १२: द झोडिअॅक एज'. २०१७ पीएस४, फेब्रुवारी २०१८ पीसी, नंतर स्विच आणि एक्सबॉक्स. प्रत्येकाला १२ पैकी दोन पेशे. दुसरा लगेच मिळत नाही, रेथवॉलच्या थडग्यात बेलियास हा बॉस हरल्यावर उघडतो. पहिला निवडताना घाबरू नका, नंतरच्या अपडेटपासून मोंब्लां या पात्राकडे जाऊन पेशा पुसता येतो. २०१७ ची जुनी मार्गदर्शकं 'निर्णय कायमचा' असं सांगतात, ते आता खरं नाही. तसंच 'या चार पेट्या उघडू नका, नाहीतर झोडिअॅक भाला गेला' हा २००६ चा सल्ला. तोही इथे लागू नाही.

गॅम्बिट म्हणजे पात्रांना आधीच दिलेल्या आज्ञा. त्या वरून खाली वाचल्या जातात आणि जी पहिली लागू पडते ती होते. नवशिक्याची नेहमीची चूक: 'समोरच्या शत्रूवर हल्ला' सगळ्यात वर ठेवणं. शत्रू जिवंत असेपर्यंत ती आज्ञा लागू पडतच राहते आणि खालचा उपचार कधीच होत नाही. क्रम असा लावा: मेलेला साथीदार दिसला तर फिनिक्स डाउन, प्राण ४० टक्क्यांखाली असेल तर क्युअर, मग दोष काढणं, आणि तळाला 'नेत्याचा शत्रू, हल्ला'. वेग २ पट किंवा ४ पट करता येतो. ४ पट फक्त ओळखीच्या रानात.

चौथा: 'व्हेग्रंट स्टोरी'. इथेच दुखणं आहे. नवी आवृत्ती कधी निघालीच नाही. पीएस३ आणि व्हिटाच्या स्टोअरवर प्लेस्टेशन १ चा जुना खेळ म्हणून आहे. पण त्या दोन स्टोअरवर ऑक्टोबर २०२१ पासून कार्डाने थेट पैसे भरता येत नाहीत, आधी वेबवरून किंवा गिफ्ट कार्डाने वॉलेट भरावं लागतं. नाहीतर मूळ सीडी आणि ती चालवणारं यंत्र.

लोक दोन तासांत सोडतात, कारण आकडे १ किंवा ० यायला लागतात. असं होतं कारण प्रत्येक शस्त्र शत्रूच्या सहा जातींवर (माणूस, पशू, मृत, छाया, ड्रॅगन, दुष्ट) शिकत जातं. एकीवर वापरलं की दुसरीवर बोथट होतं. एकच तलवार सगळ्यांवर चालवलीत तर ती कुणालाच लागत नाही. तीन शस्त्रं ठेवा, आघाताचे प्रकार वेगवेगळे (धार, टोक, मुद्गल), आणि कुठलं कुणासाठी ते ठरवून बदला. 'अॅनालाइज' मंत्राने अवयवागणिक कमजोरी दिसते, ती बघितल्याशिवाय बॉसवर धावू नका. साखळी वार लांबवायचा मोह होतो, पण प्रत्येक जादा वाराने 'रिस्क' वाढतो: नेम चुकतो आणि लागणारा मार वाढतो. चार-पाच वार, थांबा, रिस्क उतरू द्या.

---

सावकाश

रायोव्हानेसचा इशारा वेळेवर. 'क्रिमझन श्राउड' आणि १४ राहिले. ऑनलाइन खेळाचे महिन्याचे पैसे भरायचे नसतील तर 'रिटर्न टू इव्हालिस' बघता येईल का?

---

कोरा_कागद

येईल, आणि फुकट. 'फायनल फॅन्टसी १४'च्या मोफत चाचणीत ऑक्टोबर २०२३ पासून 'स्टॉर्मब्लड' विस्तारापर्यंतचं सगळं आहे, लेव्हल ७० पर्यंत, मुदत नाही. 'रिटर्न टू इव्हालिस' त्यातच बसतं. अटी: स्टॉर्मब्लडची मुख्य कथा पूर्ण, एक लढाऊ पेशा ७० वर, मग कुगाने शहरातून मालिका सुरू होते. तिथे पोचायला, संवाद वाचत खेळलात तर, दीडशे तासांच्या घरात धरा. केवळ मात्सुनोसाठी एवढा वळसा घालावा का? माझ्या मते आधी 'टॅक्टिक्स' आणि '१२' संपलेले नसतील तर नाही. ती तीन प्रकरणं त्या दोन खेळांतल्या गोष्टींना 'हे खरंच घडलं होतं का' असं विचारत चालतात. मूळ माहीत नसेल तर अर्धं डोक्यावरून जातं.

काळजी घ्यायच्या गोष्टी. चाचणी खात्यावर पूर्ण खेळ एकदा विकत घेतलात की त्या खात्यावर चाचणी परत मिळत नाही. पीसीवर स्टीमचा परवाना आणि स्क्वेअर एनिक्सच्या स्वतःच्या दुकानाचा परवाना एकमेकांत चालत नाहीत. मूळ खेळ एकीकडून आणि विस्तार दुसरीकडून घेतला की पैसे अडकतात. चाचणीत तुम्हाला स्वतः पार्टी उभारता येत नाही, पण ड्युटी फाइंडरने (खेळाडू आपोआप जुळवून देणारी सोय) २४ जणांच्या रेडमध्ये सहज जाता येतं. भारतात सर्व्हर नाही, डेटा सेंटर निवडताना पिंग तपासा. बोझ्याच्या कथेसाठी आधी ही तिन्ही रेड पूर्ण लागतात आणि 'शॅडोब्रिंगर्स' विस्तारही.

'क्रिमझन श्राउड'चं मात्र वाईट आहे. ३डीएसचं ईशॉप २७ मार्च २०२३ ला बंद झालं, आता नव्याने विकत घेता येत नाही. आधी घेतलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं: दुसऱ्या प्रकरणात 'ऑब्सिडियन डॅफ्नी' नावाची वस्तू मिळाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. ती सांगाड्यांतल्या मांत्रिकाकडून पडते, आणि खेळ हे कुठेच सांगत नाही. तीच लढाई पुन्हा पुन्हा लढा. खेळाचं रूप टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळासारखं, पात्रं पुतळ्यांसारखी उभी, निर्णयासाठी फासे टचस्क्रीनवर टाकायचे. खर्च नाही म्हणून हालचाल नाही, आणि तीच शैली करून टाकली.

---

रात्रपाळी

'अनसंग स्टोरी'वर कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच.

२०१४ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या प्लेडेक कंपनीने किकस्टार्टर लावलं. मागणी ६ लाख डॉलर, जमले साधारण ६ लाख ६० हजार. पानावर नावं कोण? मात्सुनो, साकिमोतो, योशिदा, आणि 'व्हेग्रंट स्टोरी'चा इंग्रजी अनुवादक अलेक्झांडर स्मिथ. वाचणाऱ्याला वाटलं, 'टॅक्टिक्स'वाली टोळी परत आली. प्रत्यक्षात मात्सुनोकडे कथा आणि सुरुवातीची रचना होती, बनवणार होती प्लेडेक. मग कंपनीने एकट्याने खेळायची कथा मागे ढकलून दोघांनी समोरासमोर लढायचा भाग आधी आणायचं ठरवलं, उशीर होत गेला, आणि २०१७ मध्ये प्रकल्प लिट्ल ऑर्बिटकडे गेला. २०२० मध्ये अपुऱ्या अवस्थेत काही भाग बाहेर आला.

माझ्या मते त्याच्या नावाचं सर्वांत जास्त नुकसान या प्रकरणाने केलं, २००५ ने नाही. १२ च्या वेळी लोकांना हळहळ वाटली होती. इथे लोकांचे स्वतःचे पैसे होते. अशा मोहिमेत पैसे घालण्यापूर्वी नामवंताच्या नावापुढचा शब्द बघा: 'मूळ रचना' असेल तर रोजचा निर्णय त्याचा नाही.

---

तिरकस_नजर

मान्य. किकस्टार्टर मी धरायला हवं होतं.

भर एकच. मात्सुनो दिसत नसला तरी त्याची शाळा दिसते. माएहिरो १९९७ च्या 'टॅक्टिक्स'वर होता. पुढे त्याने १४ चा 'हेवन्सवर्ड' लिहिला, आणि २०२३ च्या 'फायनल फॅन्टसी १६'ची मूळ पटकथा त्याची. त्याच १६ चा कलादिग्दर्शक मिनागावा. सरदारांची घराणी, धर्मपीठाचा राजकारणात हात, गरिबाच्या तोंडी जहाल वाक्य: १६ ची पहिली पाच तासांची बांधणी 'टॅक्टिक्स' खेळलेल्याला नवी वाटणार नाही. फक्त १६ मध्ये राजकारण मध्यावर विरघळून जातं, आणि तिथे मात्सुनो नाही हे कळतं.

---

हिशेबनीस

सावकाश, एक व्यवहाराचं. स्टीमवर 'रीबॉर्न' आणि 'झोडिअॅक एज' दोन्हींना मोसमी सेलमध्ये सूट लागते, घाई नसेल तर थांबा. 'इव्हालिस क्रॉनिकल्स' संपवलाच असेल तर सरळ 'रीबॉर्न'ला जा. पहिल्या प्रकरणाच्या शेवटच्या लढाईआधी वेगळा सेव्ह ठेवा, आणि चौथ्या प्रकरणात नायकाच्या बहिणीशी बोलताना उत्तरं विचार करून द्या. याहून जास्त सांगितलं तर कथा फुटेल.